चान्स लावायचा रविवार

"तू त्या लायनीत नको. तू इकडे ये, वेगळी."

सर असं म्हणाले आणि माझ्या दंडाला बोट लावून त्यांनी मला लायनीबाहेर काढलं. बोटच. हात नाही. सगळ्या वर्गासमोर, सगळ्यांच्या आईबापांसमोर. मी डॉक्टरच्या लायनीत पहिली उभी होते. प्रिलिमला बायोलॉजीत पहिली, केमिस्ट्रीत पहिली, फिजिक्समध्ये दुसरी. मी तिथे घुसले नव्हते. सरांनीच मार्क वाचले, सरांनीच नाव घेतलं, म्हणून मी जाऊन उभी राहिले. मग त्यांना आठवलं.

"तुझं वेगळं आहे ना ग," सर म्हणाले. "तुझा तर आहेच. तू अभ्यास केलास काय, नाही केलास काय. ह्या पोरांच्या लायनीत कशाला अडचण करतेस?"

हसले सगळे. पोरं हसली, खुर्च्यांवर बसलेले साहेब लोक हसले. सरांचा आवाज पण काही वाईट नव्हता. चिडून नाही बोलले ते. लग्नात आपण एखाद्याला म्हणतो ना, तुम्ही घरचे, तुम्ही मागच्या पंगतीला बसा, तसा आवाज. मी झेंड्याच्या खांबापाशी जाऊन उभी राहिले. एकटी. ऊन डोक्यावर. माझ्या मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही. लायन कसली ती.

आणि सगळ्यात वाईट काय सांगू? कंपाउंडच्या भिंतीपाशी कंपनीवाले आईबाप उभे होते, त्यात माझे बाबा होते. ड्युटी सुटल्यावर तसेच आले होते, यार्नच्या कंपनीचा निळा शर्ट घालून, केसांत धाग्याचा भुसका. ते पण हसत होते. खुशीने. त्यांना एवढंच ऐकू आलं होतं, की तुझा तर आहेच.

थांबा, हे चान्सचं आधी सांगते, नाहीतर कोणाला कळायचं नाही.

आमचं सिल्वासा दादरा-नगर हवेलीत, महाराष्ट्राच्या हद्दीबाहेर, आणि इथे ना मेडिकल कॉलेज, ना इंजिनिअरिंगचं. इथल्या पोरांसाठी बाहेरच्या कॉलेजांत थोड्याशा सीटा राखून ठेवतात. एखादी इकडे, दोन तिकडे. त्या सीटांवर कोण जाणार, हे बारावीच्या मार्कांवर इथलं ऑफिस ठरवतं. त्यामुळे बारावी सायन्स म्हणजे गावात मोठी गोष्ट. आणि आमच्या शाळेत एक पद्धत होती. प्रिलिमचे मार्क आले की त्याच्या पुढच्या रविवारी सर ग्राउंडवर चुन्याच्या रेघा मारून घ्यायचे. डॉक्टर, इंजिनिअर, बी.एस्सी., डिप्लोमा आणि शेवटची रेघ कंपनी. सर शिट्टी वाजवायचे, मार्क वाचायचे, आणि ज्याचा जिथे चान्स त्याला तिथे उभं करायचे. ह्याला सगळे चान्स लावणं म्हणायचे. बाजारात भाजी घेताना बायका एकमेकींना विचारायच्या, "तुमच्या पोराचा लागला का चान्स?" दुकानदार गुजराती, तो पण विचारायचा, "चान्स लागी गयो?" आईबाप बघायला यायचे. ऑफिसातले साहेब पुढे खुर्च्यांवर, कंपनीतले लोक भिंतीपाशी. तसं कोणी सांगितलं नव्हतं. तसेच उभे राहायचे.

मागच्या वर्षी पास झालेली पोरं येऊन आपापल्या लायनीच्या पुढे उभी राहायची. म्हणजे नव्या पोरांना दिसावं. मेडिकलला गेलेला एक दादा पांढरा कोट घालून यायचा, उन्हात घामाघूम व्हायचा, पण कोट काढायचा नाही.

सर कोकणातले, मुंबईत शिकलेले. शिकवायचे चांगलं, खोटं का बोलू. पोटाचं चित्र फळ्यावर असं काढायचे, की आपल्याच पोटात हात घातल्यासारखं वाटायचं. बायोलॉजी मला त्यांच्यामुळेच आवडली. हे पण लिहायलाच पाहिजे.

त्या रविवारी घरी जाताना बाबांनी जिलेबी घेतली. डोकमर्डीत आमची चाळ, दहा बाय दहाच्या खोल्या, पुढे एकच नळ. सगळे कंपनीवाले. आमच्यासारखे धुळ्याकडचे, नंदुरबारकडचे, दोन घरं बिहारची, एक ओडिशाचं. बाबांनी दारोदार जिलेबी वाटली. बाबा मोठ्याने बोलतात, मशीनच्या आवाजात कान गेलेत, त्यामुळे अख्ख्या चाळीला कळलं.

"सर स्वतः म्हने, हिचा तर आहेच! बाकीच्यांचं पाहू म्हने, हिचं पक्कं!"

शेजारची बिहारी चाची म्हणाली, "अरे डाक्टरनी, पहले मेरा घुटना देखना." दुसरी म्हणाली, "तिचं तोंड पाहा, आतापासूनच फी मागते का काय."

मी हसले. काय करणार? माय मात्र माझ्याकडे बघत होती. माय प्लास्टिकच्या कंपनीत जायची, साच्यातून निघालेल्या खुर्च्यांच्या कडा ब्लेडने कापायची, बोटांना कायम चिंध्या. ती जिलेबी हातात धरून बसली होती. खाल्ली नाही.

"तुले वेगळं उभं केलं म्हने?" तिने विचारलं.

"हो."

"कामून?"

मी भांडी आवरायला उठले. तिने जिलेबी परत कागदावर ठेवली.

आम्ही शिरपूरच्या बाजूचे. महारवाड्यातले. बाबा लग्नाआधी इथे आले, तेव्हा नवीन नवीन कंपन्या येत होत्या, गेटवर उभं राहिलं की काम मिळायचं. मी इथेच जन्मले. वारली पोरींबरोबर खेळले, गुजराती दुकानात हिशोब शिकले, हिंदीत भांडले, घरी खान्देशी बोलले. मला कोणी विचारलं कुठली, तर मी म्हणायचे सिल्वासाची. त्यात विचार करण्यासारखं काही असतं, हेच माहीत नव्हतं.

दहावी झाली तेव्हा माझ्या काकाचा धुळ्याहून निरोप आला. पोरगीला इकडे पाठवा, अकरावी-बारावी इथे करेल, मग इथल्या कॉलेजात कोट्यातून लागेल. काका तिथे एस.टी.त कंडक्टर. बाबांना काही ठरवता येईना. ते सरांकडे गेले. मी पण बरोबर होते. सर त्यांच्या क्वार्टरच्या दारात उभे होते, कुंड्यांना पाणी घालत होते. बाबांनी सगळं सांगितलं, हात जोडूनच. सरांनी एक मिनिट पण घेतलं नाही.

"इथेच ठेवा हो. तिकडे हजारो पोरं, कोण विचारतो? इथे मोजकी. शिवाय तुमचा तर आहेच कोटा. रेशनकार्ड इकडे करून घ्या म्हणजे झालं."

एवढंच. पाण्याची धार कुंडीतच होती, ती पण हलली नाही.

बाबांनी गावच्या कार्डातून आमची नावं कापून आणली. इथे नवीन कार्ड केलं. काकाला निरोप पाठवला, सर म्हणतात इथेच. काका थोडा रुसला. मला तर आनंदच झाला. माझी शाळा, माझे सर, माझी बेंचवरची मैत्रीण मुग्धा.

मुग्धा बांधकाम खात्यातल्या साहेबांची मुलगी. तिच्या वडिलांची बदली झाली तेव्हा आठवीत आली. स्वभावाने खरंच चांगली होती, डबा उघडला की आधी माझ्याकडे सरकवायची. त्या रविवारी ती डॉक्टरच्या लायनीत चौथी होती. मला बाहेर काढलं तेव्हा ती तिसरी झाली.

बारावीचा निकाल लागला. मला शाळेत सगळ्यात जास्त. मुग्धापेक्षा चांगले अठरा मार्क जास्त. त्या दिवशी पेढे पण झाले, बाबांच्या सुपरवायझरने मला पेन दिलं, चाची गुडघा पुढे करून बसली. मग आम्ही ऑफिसात गेलो. बाबांनी सुट्टी टाकली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. जातीचा दाखला लॅमिनेट केलेला, धुळ्याचा.

खिडकीतला माणूस बाबांच्याच वयाचा होता. वाईट नव्हता. त्याने दाखला उलटा-सुलटा बघितला.

"काका, आ तो धुलियानो छे," तो म्हणाला. मग मराठीत बोलला, "हा इथे नाही चालत."

बाबांना वाटलं शिक्का नाही. "साहेब, शिक्का मागच्या अंगाले आहे."

"शिक्का नाही हो. जात त्या राज्यातली. तुम्ही तिथून आले ना? मग तिचा फायदा तिथेच. इथे तुम्हाला त्या जातीत धरत नाहीत."

"पन ही इथेच जन्मली!"

तो माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "जन्म इथला, बेन. जात तिथली."

मी म्हटलं, मग जात राहू दे. जातीशिवाय घ्या. माझे मार्क सगळ्यात जास्त आहेत. इथली म्हणून घ्या. त्याने रेशनकार्ड मागितलं. कार्ड दोन-तीन वर्षांपूर्वीचं. त्याच्या आधी आम्ही इथे राहत होतो ह्याचा कागद? नव्हता. बाबा कंपनीच्या खोलीत राहायचे, भाडं हातात द्यायचे, कार्ड गावाला होतं. शाळेचा दाखला दाखवला, पहिलीपासूनचा. तो म्हणाला, शाळेचा नाही चालणार, वडिलांचा रहिवास पाहिजे, पाहिजे तितक्या वर्षांचा.

"मग मुग्धा?" मी विचारलं. "ती तर आठवीत आली."

"ते सरकारी नोकर. त्यांच्या मुलांना इथलंच धरतात."

बाहेर आलो तर बाबा पायरीवर बसले. दाखल्याचं लॅमिनेशन उन्हात चकाकत होतं. ते म्हणाले, "सर तर म्हने व्हते…" मला पहिल्यांदा त्यांचा आवाज हळू ऐकू आला.

मग धुळे. एस.टी.ने दिवसभर. काकाच्या घरी झोपलो, काकू बोलली नाही फारशी. सकाळी तिथल्या ऑफिसात. तिथल्या बाईने दाखला बघितला, म्हणाली, हा चालेल. बाबांचा चेहरा असा फुलला. मग तिने मार्कलिस्ट बघितली.

"अकरावी-बारावी महाराष्ट्राबाहेर? मग नाही होणार. तुम्ही बाहेरचे झाले."

"आम्ही शिरपूरचे आहोत, ताई."

"असाल हो. पण पोरगी बाहेरची झाली ना."

काका बाजूलाच उभा होता. मी त्याच्याकडे बघितलंच नाही.

तर असं. इथे जात तिकडची. तिकडे शिक्षण इकडचं. इथे मी इथली नाही, तिथे मी तिथली नाही. आणि गंमत ऐका, ह्या सगळ्यात मी कोट्यातली म्हणून झेंड्याच्या खांबापाशी मात्र उभी राहिले होते. जो कोटा मला मिळणारच नव्हता त्याचा टोमणा मला पूर्ण मिळाला. टोमण्याला रहिवास लागत नाही. टोमण्याला धुळ्याचा दाखला चालतो.

परत आल्यावर मी सरांकडे गेले. एकटी. भांडायला नाही. खरं सांगते, मला वाटलं होतं सर काहीतरी करतील. कुठे फोन लावतील, साहेबांना भेटतील. सर आहेत ना. त्यांनी मला बसवलं, त्यांच्या बाईंनी पोहे दिले. मी सगळं सांगितलं.

"असं असतं?" सर म्हणाले. खरंच आश्चर्य वाटलं त्यांना. "असा नियम आहे? मला कोणी बोललंच नाही."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं हा माणूस गावभर पोरांचे चान्स लावतोय. कोण कुठे जाणार, कोणाला काय झेपणार, कोणाचं पक्कं, कोणाचं कच्चं. आणि आमच्यासारख्यांचा साधा नियम त्याला माहीत नाही. कारण त्याला कधी गरजच पडली नाही. तो सरकारी नोकर, त्याची बदली झाली तरी तो तिथलाच धरला जातो. विचारून घ्यावं असं पण वाटलं नाही. आमच्याबद्दल एवढंच माहीत होतं, की ह्यांचा तर आहेच.

"आता मेडिकलची सगळ्या देशाची परीक्षा राहिली, सर," मी म्हटलं. "तिथे कोणी गाव विचारत नाही, जात पण नाही."

सर हसले. "अगं तिथे ओपनची पोरं बसतात, मुंबई-दिल्लीची. तिथे तुझा चान्स शून्य. उगाच डोकं फोडू नकोस. नर्सिंग बघ. तुमच्यात मुली सेवाभावी असतात."

पोहे तसेच ठेवून मी उठले. चप्पल घातली आणि आले. मुग्धाला सीट मिळाली. ती भेटायला आली होती, रडली पण. "बाबा म्हणतात तुला पुढच्या वर्षी नक्की मिळेल," म्हणाली. मी म्हटलं, हो. तिला काय समजावू? तिचे वडील पण चान्स लावायला लागले होते.

मी देशाची परीक्षा दिली. नाही लागला नंबर. मग कंपनीत लागले, यार्नच्याच, पॅकिंगला. धागा गुंडाळलेले कोन प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे, खोक्यात रचायचे, खोकं चिकटवायचं. दिवसभर उभं. घरी येऊन पुस्तक उघडलं की अक्षरं कोनासारखी गोल फिरायची. तरी उघडायचे. माय म्हणायची, झोप जराशी. मी म्हणायचे, हे पान झालं की. पान व्हायचं नाही.

असं वर्ष गेलं. प्रिलिम झाली असणार, कारण सर एक दिवस बाजारात भेटले. स्कूटर थांबवली.

"अगं, रविवारी ये हं ग्राउंडवर. कंपनीच्या लायनीत पुढे उभी राहा. पोरांना कळू दे, हुशार असून पण कसं होतं."

प्रेमाने म्हणाले. खांद्यावर थोपटल्यासारखं बोलणं. आणि मी गेले. का गेले, मला नका विचारू. दमले होते. नाही म्हणायला पण अंगात काहीतरी लागतं, ते नव्हतं. रविवार माझा सुट्टीचा, झोपायचं सोडून मी जाऊन चुन्याच्या शेवटच्या रेघेवर उभी राहिले. माझ्या मागे पोरं येत गेली. पांढऱ्या कोटातला दादा होताच. मला काही वाटलं पण नाही. ऊन लागत होतं एवढंच. माझ्या मनात खोकी चालू होती, एक झालं, दुसरं घ्या.

तेवढ्यात भिंतीपाशी उभे असलेले पावराकाका पुढे आले. पावराकाका बाबांच्याच खात्यातले, तळोद्याकडचे आदिवासी, आमच्या मागच्या चाळीत राहतात. त्यांची मीना दहावीत, माझ्यासारखीच चुणचुणीत, माझ्याकडे गणितं घेऊन यायची. काका सरांसमोर हात जोडून उभे राहिले. सर शिट्टी गळ्यात अडकवून, मार्कांचा कागद हातात घेऊन.

"सर, एक विचारायचं व्हतं. पोरीचे मामा म्हनतात नंदुरबारले पाठवा अकरावीले. काय करू?"

आणि सर म्हणाले. एक मिनिट पण घेतलं नाही.

"इथेच ठेवा हो. तिकडे हजारो पोरं, कोण विचारतो? तुमचा तर आहेच."

मला काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही. राग नाही आला. राग यायला पण वेळ लागतो. मला फक्त कळलं. तो विसरला होता. मी त्याच्या घरी बसून सगळं सांगितलं होतं, त्याने असं असतं का म्हटलं होतं, आणि मी चप्पल घालून गेल्यावर तो विसरून गेला होता. माझं अख्खं आयुष्य त्याच्या डोक्यात पोहे संपेपर्यंत पण टिकलं नाही. मी त्याच्यापासून चार हात लांब उभी होते, त्यानेच बोलावून उभी केलेली, आणि मला बघून पण त्याला आठवलं नाही.

मी लायनीतून निघाले.

"काका, नका ठेवू," मी म्हटलं. "तिला नंदुरबारला पाठवा. ह्याच वर्षी. दाखला तिथला आहे ना तुमचा? इथे तो चालत नाही."

सर म्हणाले, "अगं, तू जागेवर उभी राहा. मध्ये मध्ये काय?"

"सर, तुम्हाला नियम माहीत आहे. मी सांगितला होता तुम्हाला."

"कसला नियम?"

"तोच. माझा."

सरांचा चेहरा एक क्षण कोरा झाला. मग आठवलं असावं, कारण कानाची पाळी लाल झाली. पण तोंडाने म्हणाले, "हे बघ, तुझं झालं नाही म्हणून दुसऱ्यांची मनं खराब करू नकोस. प्रत्येकाचं नशीब वेगळं."

"नशीब नाही, सर. तुमचा सल्ला. दहावीला तुम्ही माझ्या बापाला हेच बोललात, ह्याच शब्दांत. विचारून सांगितलं असतं तर मी आज कुठे असते? तुम्हाला माहीत नाही असं म्हणायचं होतं. मला माहीत नाही, ऑफिसात विचारा. एवढंच म्हणायचं होतं."

खुर्चीवरचे एक साहेब उठले, "ओ बाई, इथे तमाशा नको." मागून कोणीतरी बोललं, "कंपनीत गेल्यावर तोंड फुटतं ह्यांना." पांढऱ्या कोटातला दादा बुटांकडे बघत होता.

सर म्हणाले, "जा, जागेवर जा."

मी म्हटलं, "ही माझी जागा नाही. ही तुम्ही मारलेली रेघ आहे. मी हिच्यावर उभी राहणार नाही. आणि मला बघून कोणी घाबरून अभ्यास करावा म्हणून तर नाहीच नाही."

फार मोठं काही बोलले असं नाही. पण बोलले. अकरा-बारा वर्षं त्या शाळेत काढली, पहिल्यांदा प्रश्नाचं उत्तर सोडून दुसरं काहीतरी बोलले.

आणि आता ह्याच्यापुढे टाळ्या वाजल्या, पोरं माझ्या मागे आली, असं काही नाही. सरांनी शिट्टी वाजवली. लायनी परत सरळ झाल्या. कंपनीच्या रेघेवर दुसऱ्या एका दादाला पुढे उभं केलं. पावराकाका माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "पोरी, सर इतके शिकेल मानूस. तू तर पॅकिंगले हाय ना." मला दुखवायला नाही बोलले. त्यांचं खरंच तसं म्हणणं होतं. मी तिथून निघाले.

घरी माझ्याआधी बातमी पोचली होती. बाबा म्हणाले, "सरांले उलट बोलली?" मी म्हटलं, हो. ते बाहेर जाऊन ओट्यावर बसले. त्यांच्यासाठी सर म्हणजे सर. दहावीच्या त्या सल्ल्याला पण ते अजून सल्ला म्हणत नाहीत, आपलंच चुकलं म्हणतात, आपण कार्ड उशिरा केलं. पुष्कळ दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत. अजून पण सरळ बोलत नाहीत. जेवताना मायला सांगतात, तिले भाकर पाहिजे का विचार. मी समोरच असते.

माय मात्र त्या दिवशी एकच वाक्य बोलली. "बरं केलं." आणि पीठ मळायला लागली.

मी त्या संध्याकाळी पावराकाकांच्या खोलीवर गेले. दुसऱ्या दिवशी पण गेले. काकू म्हणायची, चहा घे, ह्या गोष्टी नको. काका म्हणायचे, बघू. मीना दाराआड उभी राहून ऐकायची. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मी म्हटलं, काका, माझ्यावर विश्वास नका ठेवू. सरांवर पण नका ठेवू. माझ्याबरोबर ऑफिसात चला, खिडकीत स्वतः विचारा. ते म्हणाले, सुट्टी नाही. सुट्टी मिळायला आठवडा गेला. आम्ही गेलो. तोच माणूस. काकांनी दाखला दिला आणि त्या माणसाने तेच सांगितलं जे मला सांगितलं होतं. शब्दाला शब्द. काका पायरीवर बसले नाहीत. उभेच राहिले, टोपी हातात घेऊन. म्हणाले, "मंग हे सर कामून सांगत नाहीत?"

मला ह्याचं उत्तर देता आलं असतं. नाही दिलं. सांगून सांगून थकवा येतो, आणि काही गोष्टी माणसाने आपणच पायरीवर उभं राहून समजून घ्यायच्या असतात.

मीना जाईल का नंदुरबारला, मला माहीत नाही. काकू रडते, पोरगी लांब नको म्हणते. काका अजून बघूच म्हणतात. मी काही मीनाचा देव नाही. मामाकडे गेली तरी ती शिकेल का, तिथे तिला कोण कुठे उभं करेल, कोण जाणे.

मी देशाच्या परीक्षेला परत बसतेय. ओपनमध्ये. लागेल का? काल पॅकिंगमधली एक बाई म्हणाली, तुझा काही चान्स आहे का ग? मी तिला सांगितलं, हा प्रश्न मला विचारायचा नाही. कोणीच विचारायचा नाही. मी पेपर लिहिणार, तो तपासला जाणार, त्याच्या मधल्या जागेत कोणाला बोलायचं काम नाही.

आणि पुढच्या वर्षी प्रिलिमनंतरच्या रविवारी मी जाणार आहे. बोलावलं नाही तरी. आत नाही जाणार, रेघांच्या जवळ पण नाही. गेटवर उभी राहणार. येणाऱ्या प्रत्येक कंपनीवाल्या बापाला विचारणार, दाखला कुठला, कार्ड कुठलं, पोरगं कितवीत. आणि जे खरं आहे ते सांगणार. सर शिट्टी वाजवतील, साहेब लोक तमाशा म्हणतील, बाबा आणखी एक वर्ष माझ्याशी बोलणार नाहीत. वॉचमनने हाकललं तर रस्त्याच्या त्या बाजूला उभी राहीन. रस्ता कोणाच्या रहिवासाचा नाही.

दमलेय मी. खूप दमलेय. पण हटणार नाही.